घाणी क्रमांक एकशे सतरा

घाणी क्रमांक एकशे सतरा पुसता येत नाही. मी विचारून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा डोळ्यांत पाणी आणूनही पाहिलं. तिच्यापुढे माझं नाव आहे: ‘बेया. चव घेतली. तेल आमचंच.’ हे खोटं आहे. ते कसं लिहिलं गेलं आणि त्याच्याखाली दुसरी ओळ लिहायला मला काय काय करावं लागलं, ते सांगते.

आमचं गाव ऐन हजला, तेबुर्सुकच्या डोंगरात. इथली ऑलिव्हची झाडं शेतुई जातीची. त्यांचं तेल हिरवं, कडवट, आणि गिळलं की घशात असं बोचतं की नवख्या माणसाला ठसका लागतो. पाहुण्याला ठसका लागला की आम्ही खूश. माझी आई मात्र इथली नव्हती. ती समुद्राकाठच्या साहेलमधून लग्न होऊन आली, आणि येताना बोटांत घालायची बोकडाची शिंगं घेऊन आली. शिंगाच्या पोकळीत बोटं घालायची आणि मुलीचे केस विंचरावेत तशी फांदी विंचरायची. फळं खाली येतात, फांदी दुखावत नाही. गाव तिला हसलं. पुढच्या हंगामात गावातल्या सगळ्या बायकांच्या बोटांत शिंगं होती.

तिच्या माहेरचं तेल शेमलाली जातीचं. पिवळं, गोडसर, मऊ. वर्षातून एकदा मामा एक बुधला घेऊन यायचा आणि आई तो रव्याच्या रांजणामागे दडवायची. सासरी त्या तेलाचं नाव काढायची सोय नव्हती. त्यात बुडवलेल्या भाकरीचा तुकडा तिने कितीदा तरी गुपचूप माझ्या तोंडात घातला आहे. माझ्या आणि लझहरच्या.

लझहर माझा दूधभाऊ. तो जन्मला आणि त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली. मी तेव्हा वर्षाची होते. माझ्या आईने एका मांडीवर मला घेतलं, दुसऱ्या मांडीवर त्याला. त्याच्या बापाचा तेलाचा घाणा होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेला उंट दगडी जातं ओढायचा. वाटलेला लगदा गवताच्या गोल चटयांवर पसरून त्या चटया एकीवर एक रचायच्या, पुरुषभर उंच, आणि वरून दाब द्यायचा. आज तिथं लझहरचं पोलादी यंत्र आहे आणि ते एका तासात उंटाचा आठवडा संपवतं. तरी मी आत शिरले की माझ्या नाकाला अजून ओल्या चटयांचाच वास येतो.

प्रत्येक घाणीचं, म्हणजे एका खेपेला गाळलेलं, तेल गावातल्या थोरल्या बाईने चाखायचं, ही आमची रीत. अठरा वर्षांपूर्वी माझी सासू गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. रीत दोन दिवसांची आहे. पहिल्या दिवशी घाण्यावर, सगळ्यांसमोर, मातीच्या तबूना भट्टीत भाजलेल्या गरम भाकरीचा तुकडा ताज्या तेलात बुडवून खायचा आणि म्हणायचं, “बरकत.” तेल कसंही असो, बरकतच म्हणायचं. दुसऱ्याच्या दारात त्याची भाकरी खाऊन नाक मुरडायचं नसतं. पण तेल खरंच बिघडलेलं असेल, तर उरलेला तुकडा ओढणीच्या टोकात बांधून घरी आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो घाणेवाल्याच्या बायकोच्या हातात परत द्यायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. मग ते तेल साबणाच्या कढईत जायचं. कुणाची मान खाली गेली नाही, आणि वाईट तेल कुणाच्या घरी गेलं नाही. अठरा वर्षांत मी चार वेळा तुकडा परत दिला होता.

मग माझ्या बहिणीची नात, विदाद, राजधानीतून, ट्यूनिसहून, शिकून परत आली. गावातल्या आम्हा चाळीस बायकांची सहकारी संस्था आहे. संस्थेच्या खोलीत तिने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, परदेशातल्या गिऱ्हाइकाला आता नुसतं तेल नको, तेलाची कुंडली हवी. कुठलं झाड, कुणी तोडलं, कधी गाळलं, कुणी चाखलं. हे सगळं एका साखळीत लिहायचं, आणि डब्यावरच्या चौकोनी खुणेसमोर फोन धरला की त्याला ते दिसणार.

“साखळी म्हणजे ती फोनवरच्या नाण्यांची भानगड ना गं?” मोन्जियाने विचारलं. मोन्जिया संस्थेची चिटणीस, आणि गावातली सगळ्यांत लांब जीभ. “ज्यात नाजीचा टेम्पो गेला?”

नाजी म्हणजे लझहरचा मेव्हणा. सहा महिने तो रोज सांगायचा, आज माझ्या टेम्पोचे दोन झाले, आज अडीच झाले. मग एक दिवस तो बाजारातून पायी आला.

“ती नाणी वेगळी, मोन्जिया. त्यांना आपल्याकडे बंदीच आहे,” विदाद म्हणाली. “दोन्ही एकाच मागावर विणलेली, एवढंच नातं. नाजीकाका उद्या भाव चढणार म्हणून पैज लावत होते. इथं पैज नाही. इथं फक्त लिहायचं, आणि एकदा लिहिलेलं कुणाला बदलता येत नाही.”

“कुणालाच नाही? सरकारलासुद्धा?”

“नाही.”

“आणि नवऱ्याला?”

खोलीत एवढा हशा झाला की विदादला पाच मिनिटं थांबावं लागलं. मग तिने माझ्याकडे बघून समजावलं. मला ती खालती म्हणते, म्हणजे मावशी. “खालती, तुम्ही चटया रचायचात ना? समज, प्रत्येक नोंद म्हणजे एक चटई. खालची बदलायची तर वरच्या सगळ्या उचलाव्या लागणार. आणि अशी चळत एकट्या आपल्या घाण्यात नाही, शेकडो ठिकाणी तीच चळत, तशीच. एकाने चोरून चटई बदलली तर बाकीचे म्हणणार, तुझी आमच्याशी जुळत नाही.”

हे मला पटलं. गावात व्यापारी येतात, आमचं हिरवं तेल बुधल्याने नेतात आणि कुठलं तरी पाणचट तेल ‘तेबुर्सुकचं’ म्हणून विकतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. निदान आमच्या डब्याला कुणी दुसऱ्याचं नाव लावणार नाही.

चव घेणारी म्हणून मला एक फोन मिळाला. हो म्हणायला अंगठा टेकवायचा. पण आधीच्या नोंदीविरुद्ध काही लिहायचं, सही मागे घ्यायची, तर अंगठा पुरत नाही. त्याला बारा शब्द लागतात, ठरलेल्या क्रमाने. “म्हणजे हो म्हणायला एक बोट आणि नाही म्हणायला बारा शब्द?” मी म्हटलं. “अगदी लग्नासारखं आहे तुझं.” विदाद हसली, पण म्हणाली, “ते शब्द कागदावर लिहून लपवून ठेव, खालती. माझ्याकडे त्यांची प्रत नाही, कुणाकडेच नाही. आणि कुणाला सांगू नकोस.”

कागद मी चुलीत टाकला. हा माझा गर्व. आख्खी लग्नगीतं, चार पिढ्यांच्या जन्मतारखा आणि बागेतल्या प्रत्येक झाडाचं नाव पाठ असलेली बाई मी. बारा शब्दांसाठी कागद कशाला? मी ते शब्द झाडांवर टांगले. माझ्या बागेच्या वरच्या बांधाला बारा झाडं आहेत, वडील ज्या क्रमाने पाणी द्यायचे त्या क्रमाने. पहिली हाज्जा, दुसरा काझी, मग दोघी बहिणी, मग नवरी, मग बहिरा, मग लंगडी, आणि पुढे. शब्द फ्रेंच होते, घरातल्या वापरातल्या वस्तूंचे. ते काय होते ते मी इथं लिहिणार नाही. अजून तेवढी वेडी झालेली नाही.

आठवडाभर मी बांधावरून फिरत पाठांतर केलं आणि लझहरने ते ऐकलं. लहानपणी तो मदरशातून यायचा तेव्हा मी त्याची लाकडी पाटी धुवायचे आणि त्याचा धडा ऐकायचे. चुकला की कान ओढायचे. “आता माझी पाळी,” तो म्हणाला, आणि मी चुकले की खरंच माझा कान धरायचा. सत्तरीची दोन माणसं झाडाखाली कान धरून उभी. विदादने बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस. पण लझहर माझ्या लेखी ‘कुणी’ नव्हता.

तीन हंगाम चांगले गेले. चौथ्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही बेताचाच होता. फळं धरली ती सुरकुतलेली. लंगडी उन्हाळ्यातच वाळली. मी तिला दोन महिने पाणी घातलं, मग लझहरच्या माणसांनी ती तोडून नेली. त्यानंतर मी बांधाच्या त्या टोकाला गेले नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी लझहरने मला घाण्यावर बोलावलं. गिऱ्हाइकाकडून एक बाई आणि एक माणूस पाहुणे आले होते. सहाशे डब्यांची मागणी होती, गुरुवारी ट्रक बंदराला निघणार होता, आणि एकशे सतरा ही शेवटची घाणी होती. चाळीसच्या चाळीस बायका उभ्या होत्या. लझहरच्या बायकोने, हनियाने, भाकरी आणली. मी तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि घशातल्या ठसक्याची वाट बघत राहिले.

ठसका आला नाही. आली माझी आई. रव्याच्या रांजणामागून, बोटाने गप्प राहायची खूण करत.

तेल वाईट नव्हतं. ते आमचं नव्हतं. निम्म्याहून जास्त शेमलाली होतं, आणि गावात ते ओळखू शकणाऱ्या दोनच जिभा होत्या. दुसरी, लझहरची, माझ्यासमोर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

“बरकत,” मी म्हटलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोन्जियाने माझा फोन पुढे केला, नेहमी करायची तसाच, आणि मी अंगठा टेकवला. मला हे सांगताना अजून लाज वाटते, की त्या क्षणी मी खोटं बोलते आहे असं माझ्या मनातही आलं नाही. उरलेला तुकडा मी ओढणीच्या टोकात बांधून घेतला होता. उद्या परत देईन. अठरा वर्षं असंच चालत आलं होतं.

मंगळवारी सकाळी मी हनियाच्या हातात ती पुरचुंडी ठेवली. तिने ती उघडली नाही. ती उंबऱ्यावरच खाली बसली. आतून लझहर आला.

“उशीर झाला, बेया,” तो म्हणाला. “डब्यांना मोहोर लागली.”

“मोहोर फोड.”

“फोडून काय होणार? साखळीत लिहिलंय, बेयाने चाखलं, तेल आमचंच. आता ते अल्लाशिवाय कुणाला पुसता येत नाही. तुझीच नात सांगते ना?”

“तू मिसळलंस.”

“मिसळलं. झाडं काय माझ्या बापाचं ऐकतात? सहाशे डबे कबूल केले होते आणि तेल निघालं साडेचारशेचं. डबे कमी पडले तर पुढच्या वर्षी हे लोक येणार नाहीत, आणि मग त्या चाळीस जणी काय खाणार? तुझा अंगठा?” मग त्याचा आवाज खाली आला. “आणि परकं कुठे आहे ते? साहेलचं आहे. तुझ्या आईचं तेल आहे. आपण दोघं त्यावर वाढलो. त्याला तू परकं म्हणतेस?”

“परकं म्हणत नाही. पण डब्यावर तसं लिहिलेलं नाही.”

“तुझी आईसुद्धा दडवूनच ठेवायची.”

“दडवायची, लझहर. दुसऱ्याच्या नावाने खपवायची नाही.”

त्यावर तो आत निघून गेला. मी तशीच उन्हातून विदादच्या घरी गेले.

तिला काहीच माहीत नव्हतं. मी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं.

“पूस ते,” मी म्हटलं.

“नाही पुसता येत, खालती.”

“मी सांगते आहे ना! माझं नाव, माझा अंगठा, आणि मीच सांगते आहे की चूक झाली.”

“कुणीही सांगितलं तरी.”

“मग कचेरी कुठे आहे याची? मी अर्ज देते. भांडते.”

“कचेरीच नाही. कुणी साहेब नाही, कारकून नाही. म्हणूनच तर कुणाला लाच देऊन बदलता येत नाही.”

“भांडायलासुद्धा कुणी नाही?” मला खरोखर धक्का बसला. “मग चुकलेल्या माणसाने करायचं काय?”

तिने हातातला फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाली, “मी सगळ्या दारांना कुलपं लावली. फळं कुणी बदलू नयेत, वजन कुणी बदलू नये, तारीख कुणी बदलू नये. पण बुधल्यात काय ओतलं ते साखळीला कळत नाही, खालती. तिला जीभ नाही. तिला जीभ म्हणून तूच होतीस.”

मला ते फार लागलं. ती कुजकं बोलली नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

“आणि तुझ्या साखळीत दुसरा दिवस नाही,” मी म्हटलं. “आमची चव दोन दिवसांची असते. तू एकच दिवस घेतलास. बरकत म्हणजे काय, हे तू मला कधी विचारलं होतंस?”

तिने मान खाली घातली. “नव्हतं विचारलं.”

“मग आता काय करता येतं ते सांग.”

“खाली नवी ओळ लिहिता येते. तू तुझी सही मागे घेऊ शकतेस. जुनी ओळ राहील, पण डब्यासमोर फोन धरणाऱ्याला दोन्ही दिसतील. त्याला तुझे बारा शब्द लागतील. आणि ट्रक निघायच्या आत केलं तर ते डबे गिऱ्हाईक उचलणारच नाही. गिऱ्हाईकही जाईल कदाचित. बायका तुला सोडणार नाहीत.”

“बायकांचं मी बघते.”

बुधवारी सकाळी मी आईची शिंगं बोटांत घातली. कशासाठी, कुणास ठाऊक. रिकाम्या हाताने बागेत जायची मला सवय नाही. हाज्जापाशी उभी राहिले, फांदीतून बोटं फिरवली, पहिला शब्द आला. काझीपाशी दुसरा. दोघी बहिणींपाशी दोन, भांडत आले, पण आले. नवरी, पाचवा. बहिरा, सहावा, त्याच्यापाशी तो मोठ्याने म्हणावा लागतो, हा माझा आणि वडिलांचा जुना विनोद.

मग लंगडीची जागा. तिथं खड्डा होता. कडेला भुसा, आणि मुंग्या.

मी शिंगं हवेतून फिरवली. काही आलं नाही. पुढे जाऊन आठवा म्हटला, नववा, बाराव्यापर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले. प्रत्येक वेळी त्या खड्ड्यापाशी येऊन पाय थांबायचे. लंगडीला एक फांदी होती, जमिनीला टेकलेली, तिच्यावर बसून मी माझ्या थोरल्याला पाजलं होतं. ते आठवत होतं. सालीवरचा डाग आठवत होता. शब्द तेवढा गेला होता, झाडाबरोबर. मी दुपारपर्यंत फिरले. अकरा शब्द होते माझ्याकडे, आणि विदादने सांगितलं होतं की अकरा म्हणजे शून्य.

शब्द अजून एका माणसाकडे होता. त्याने नुसतं “आठवत नाही” म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. ट्रक गेला असता, सहाशे डबे पुरे झाले असते, माझं खोटं नाव परदेशातल्या फडताळांत जाऊन बसलं असतं, आणि त्याला कुणी कधी काही विचारलं नसतं. हे मला कळत होतं. त्याला तर माझ्याआधी कळणार होतं. तरी मी ओढणी सावरली आणि घाण्याची वाट धरली, कारण दुसरी वाट नव्हती, आणि असती तरी मला त्याच्याच तोंडून तो शब्द हवा होता.

लझहर भट्टीपुढे बसला होता. भट्टीत लाकूड जळत होतं. कुठल्या झाडाचं, ते मी विचारलं नाही.

“लंगडीचा शब्द सांग,” मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. माझ्या बोटांतली शिंगं बघितली.

“विसरलीस?”

“झाड गेलं, शब्द गेला.”

“आणि माझ्याकडे मागायला आलीस. माझ्याचकडे.” तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. “बेया, तू ती ओळ लिहिलीस की उद्या गाव मला चोर म्हणेल. बहात्तराव्या वर्षी.”

“म्हणेल.”

“निदान ‘नाही’ तरी म्हण गं तोंडदेखलं!”

“तोंडदेखलं म्हटलं म्हणूनच तर हे झालं.”

हनिया आतून ऐकत होती. ती दारात येऊन उभी राहिली, कालची पुरचुंडी तशीच तिच्या हातात. काही न बोलता तिने ती लझहरच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. त्याने गाठ सोडली. भाकरीचा तुकडा दोन दिवसांत दगड झाला होता, पण तेलाचा डाग अजून पिवळा होता. त्याने तो नाकाशी नेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. भट्टीकडे बघत राहिले.

“मामाच्या बुधल्याचा वास आहे,” तो म्हणाला.

“आहे.”

“आई चापट मारायची, आवाज करून खाल्लं की.”

“तुलाच. मी आवाज करत नव्हते.”

तो बराच वेळ तुकडा हातात फिरवत बसला. मग उठला, माझ्याजवळ आला, आणि माझा कान धरला. जोरात नाही. लहानपणी मी त्याचा धरायचे, तेवढाच.

“एकदा सांगणार. पुन्हा विसरलीस तर माझ्याकडे येऊ नकोस,” असं म्हणून त्याने तो शब्द माझ्या कानात सांगितला.

घाण्यावरच विदादला बोलावलं. मी एकेक शब्द म्हणत गेले, तिने पाठ फिरवली होती, फोन माझ्याच हातात होता. शिंगं काढून ठेवावी लागली. बाराही शब्द लागले तेव्हा एक रिकामी चौकट उघडली. मी लिहिलं: ‘घाणी एकशे सतरा. यात साहेलचं तेल मिसळलेलं आहे. तेल चांगलं आहे, पण आमचं नाही. मी बरकत म्हटलं आणि अंगठा दिला, ती चूक माझी. बेया.’

विदाद म्हणाली, एवढं लांब लिहायची गरज नसते. मी म्हटलं, मला आहे.

मी फोन खाली ठेवणार, तेवढ्यात लझहर म्हणाला, “घाण्याचीही सही असते ना? माझी?” त्याची नजर अधू, विदादला सांगून त्याने एकच ओळ लिहून घेतली: ‘मिसळलं मी. लझहर.’

गुरुवारी ट्रक साडेतीनशे डबे घेऊन गेला. गिऱ्हाइकाचं पत्र आलं, थंड, चार ओळींचं: कळवल्याबद्दल आभारी आहोत, पुढच्या वर्षी थोड्या मालाने सुरुवात करू, मग बघू. त्या हिवाळ्यात बायकांच्या हातात कमी पडलं. मोन्जिया माझ्याशी मार्चपर्यंत बोलली नाही, आणि तिच्यासारखी बाई बोलत नाही तेव्हा आख्ख्या गल्लीला शांततेचा त्रास होतो. लझहरला चोर म्हणणारे निघाले. बाजारात एकाने तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, “हो, लिहिलेलंच आहे, वाचून घे.”

एकशे सतराचे डबे आम्ही तेबुर्सुकच्या बाजारात विकले, मिसळीचं तेल म्हणून, मिसळीच्या भावाने. दोन डबे मी विकत घेतले. एक रव्याच्या रांजणामागे आहे. लझहर आला की काढते.

विदादने त्या उन्हाळ्यात साखळीची घडी बदलली. आता चव घेतल्याची नोंद त्याच दिवशी करताच येत नाही. चौकट दुसऱ्या दिवशी उघडते. तिने मला अजून काय काय रीती आहेत ते विचारून वहीत लिहून घेतलं. तीन दिवस लागले आम्हाला, आणि सगळं मी सांगितलेलं नाही. लंगडीच्या खड्ड्यात मी नवं रोप लावलंय. गुडघ्याएवढं आहे. सातवा शब्द त्याला सांगितला आहे.

यंदा पाऊस बरा झाला. पहिल्या घाणीला नवे पाहुणे आले होते, कॅमेरा घेऊन. हनियाची भाकरी तशीच गरम. मी तुकडा बुडवला, तोंडात घातला, आणि घशात असा काटा बोचला की डोळ्यांतून पाणी आलं.

“बरकत,” मी म्हटलं.

पाहुणी बाई हसत फोन घेऊन पुढे आली. मी हात ओढणीखाली घेतला.

“अंगठा उद्या.”